गंजलेला सायलेन्सर आणि घरी घडवलेली हत्यारे

मा. संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या वाहनविषयक पानावर नव्या गाड्यांची ओळख, त्यांचा वेग आणि आतल्या सोयी यांविषयी नियमित मजकूर असतो आणि मी तो आवडीने वाचतो. परंतु गाडी घेतल्यानंतर पुढची दहा-पंधरा वर्षे ती ज्या कामांमुळे चालती राहते, त्या कामांविषयी मराठीत छापील मजकूर फारसा सापडत नाही. त्यांतल्या एकाच कामाविषयी, म्हणजे गंजून जाम झालेले सायलेन्सरचे भाग सोडवण्याविषयी आणि त्यासाठी लोक घरच्या घरी जी हत्यारे घडवतात त्यांविषयी, मला जरा सविस्तर लिहायचे आहे. मी व्यवसायाने मेकॅनिक नाही. मात्र स्वतःच्या आणि आप्तेष्टांच्या गाड्यांची कामे मी अनेक वर्षे हाताने करीत आलो आहे, आणि या कामात मी जितके नुकसान करून शिकलो तितके दुसऱ्या कुठल्याही कामात शिकलो नाही.

घरी केलेल्या हत्याराला आपल्याकडे सर्रास ‘जुगाड’ म्हटले जाते. काही जण कौतुकाने तसे म्हणतात, काही जण नाक मुरडून. पण दोघेही त्या हत्याराची पारख करीत नाहीत. माझे म्हणणे असे आहे की ही पारख करता येते आणि ती अवघडही नाही. हे हत्यार माझा जोर नुसता वाढवते आहे, की जोर जिथे लागायला हवा तिथे नेऊन पोहोचवते आहे, एवढे विचारले की पुरते. सायलेन्सरच्या कामात पहिल्या जातीचे हत्यार बहुधा घात करते आणि दुसऱ्या जातीचे हत्यार, ते भंगारातल्या तुकड्यांचे असले तरी, दुकानातल्या चकचकीत हत्याराच्या तोडीचे ठरते.

नट जाम का होतो हे आधी समजून घेतले पाहिजे, कारण उपाय त्यातूनच सुचतो. पेट्रोल जळताना धुराबरोबर पाणीही तयार होते, आणि तेही थोडेथोडके नव्हे. एक लिटर पेट्रोल जळून साधारण एक लिटर पाणी वाफेच्या रूपाने बाहेर पडते. लांबच्या प्रवासात सगळी नळी तापते आणि ही वाफ मागच्या टोकातून निघून जाते. पण गाडी रोज दोन-चार किलोमीटरच चालत असेल तर मागचा डबा पुरता तापतच नाही, वाफेचे पाणी होऊन ते आतच साचते आणि डबा आतून कुजू लागतो. बाहेरून चाकांनी उडवलेला चिखल आणि पाणी असतेच. त्यात उष्णतेची भर पडते. इंजिनाला लागून असलेल्या मॅनिफोल्डमधून, म्हणजे सगळ्या सिलिंडरांचा धूर एकत्र आणणाऱ्या नळ्यांच्या जोडणीतून, जाणारा धूर इंजिनावर भार असताना ६०० अंश सेल्सिअसच्याही वर तापलेला असतो, आणि इंजिन बंद केले की काही तासांत ते सगळे धातू भोवतीच्या हवेइतके थंड होतात. असे दररोज घडते. प्रत्येक वेळी नट, स्टड (ज्यावर नट बसतो ती आट्यांची खुंटी) आणि फ्लँज (नळी जोडण्यासाठी तिच्या टोकाला असलेली जाड चकती) फुगतात, आकसतात, आणि आट्यांच्या फटीत ओल व हवा शिरते. गंजाला मूळ लोखंडापेक्षा किमान दुप्पट जागा लागते. केसाएवढ्या फटीत तो तयार झाला की पाचर ठोकल्यासारखा बसतो. पाचर पिळून निघत नाही हे सुताराला सांगावे लागत नाही. ती हलवून सैल करावी लागते किंवा कापून काढावी लागते. जाम नटाशी मात्र आपण तो कोणीतरी जास्त आवळून ठेवला आहे अशा समजुतीने झटतो, आणि तिथेच चुकतो.

मला हे कळले ते एक स्टड मोडल्यावर. गाडी सकाळी चालू केली की इंजिनातून बारीक टकटक ऐकू येई आणि इंजिन तापल्यावर ती विरून जाई. मॅनिफोल्डचा गॅस्केट, म्हणजे जोडातून धूर गळू नये म्हणून मध्ये घातलेली पातळ पट्टी, फुटल्याची ही ठरलेली खूण. गॅस्केट बदलण्यासाठी मॅनिफोल्डचे नट काढायला घेतले. सहा निघाले. सातवा, अगदी कोपऱ्यातला, हलेना. मी पान्याच्या दांड्यावर जवळजवळ ८० सेंटिमीटर लांबीचा पाइप चढवला आणि सावकाश दाब दिला. नट फिरू लागला. आवाज काही झाला नाही, हाताला मात्र जाड रबर पिळल्यासारखे मऊ लागत होते, आणि मी ते यशाचे लक्षण समजलो. दुसऱ्याच क्षणी पाना मोकळा झाला आणि माझी बोटे समोरच्या पत्र्यावर आपटली. सॉकेटमध्ये नटासह स्टडचा तुकडा होता. त्याची तुटलेली बाजू करडी आणि दाणेदार दिसत होती, आणि उरलेला स्टड ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागात, पृष्ठभागाच्या जेमतेम दोन मिलिमीटर वर राहिला होता.

त्या रात्री मी हिशेब मांडून पाहिला. ८ मिलिमीटरचा असा स्टड बसवताना साधारण २५ न्यूटन-मीटर एवढाच पिळा द्यायचा असतो. ८० सेंटिमीटरच्या दांड्यावर ६ किलोचा जोर दिला, म्हणजे धान्याची छोटी पिशवी उचलण्याइतका, तरी पिळा ४५ न्यूटन-मीटरच्या पुढे जातो आणि या जाडीचा स्टड त्याखाली तुटू शकतो. म्हणजे पाइप चढवल्यावर मला जोर करावाच लागला नव्हता. लांब दांड्याने हाताची जाणीव हिरावून घेतली होती. पुढे एका जाणत्या कारागिराने मला सांगितले की सुटणारा नट ‘कर्रर्र’ असा बोलतो आणि न बोलता मऊ फिरणारा नट फिरत नसतो, त्याच्या आतला स्टड पिळला जात असतो. तेव्हापासून नट मऊ लागला की मी हात थांबवतो, पाना उलट्या दिशेला, म्हणजे आवळण्याच्या दिशेला, किंचित देतो, तेल सोडतो आणि पुन्हा पाव फेरा मागे येतो. पुढे-मागे, पुढे-मागे करीत गंजाची भुकटी होऊ द्यायची असते. या कामाला अर्धा तास लागला तर तो वाया गेला असे मी मानीत नाही.

याच कारणासाठी मला सगळ्यांत उपयोगी वाटलेले घरगुती साधन म्हणजे दोन हातोड्या. एक जड हातोडी नटाच्या एका पैलूला टेकवून धरायची आणि समोरच्या पैलूवर दुसऱ्या हलक्या हातोडीने ठोके द्यायचे, मग नटाच्या पुढच्या पैलूंवर पुन्हा तसेच. ठोक्याचा धक्का स्टडला वाकवत नाही, कारण मागून आधार असतो. तो आट्यांमधल्या गंजाच्या थरातून जातो आणि थराला तडे पाडतो, आणि आत झिरपणारे तेल त्या तड्यांतून शिरते. तेल आदल्या रात्री सोडून ठेवावे, सकाळी पुन्हा सोडावे. काही जण ॲसिटोन आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे तेल समप्रमाणात मिसळून घरीच असे तेल बनवतात. ते झिरपते चांगले, पण ॲसिटोनची वाफ शून्याखालच्या तापमानालाही पेट घेऊ शकते, शिवाय ते रंग आणि प्लास्टिक खाते. म्हणून ते तापलेल्या सायलेन्सरवर कधीही सोडू नये आणि ते लावल्यानंतर त्याच जागी ज्योत नेऊ नये. ही दोन वाक्ये ज्याला पाळता येणार नाहीत त्याने ते मिश्रण करूच नये असे माझे स्पष्ट मत आहे.

उष्णतेचेही तसेच. तापवायचा तो नट, स्टड नव्हे. १० मिलिमीटर आतला व्यास असलेला पोलादी नट ६०० अंशांनी तापला तर त्याचे भोक सुमारे ०.०७ मिलिमीटरने मोठे होते. आकडा क्षुल्लक वाटतो, पण आट्यांमधली फट साधारण तेवढ्याच मापाची असते. नट लाल होऊ लागला की ज्योत बाजूला करून, रंग उतरल्यावर, आट्यांच्या तोंडाशी मेणबत्तीचे टोक टेकवावे. मेण वितळून आत ओढले जाते आणि नट पुष्कळदा साध्या पान्याने सुटतो. हे मी कित्येकदा केले आहे. मात्र गाडीखाली पेट्रोलची नळी, ब्रेकची नळी, रबरी बुशिंग आणि पत्र्याला मारलेला डांबरी लेप हे सगळे हाताच्या अंतरावर असते. ज्योतीच्या मागे पत्र्याचा वाकवलेला तुकडा आडोसा म्हणून धरणे आणि जवळ आग विझवण्याचे साधन ठेवणे ही या कामाची पहिली पायरी आहे. आणखी एक धोका फार थोड्यांना ठाऊक असतो. ब्रेक साफ करण्याच्या काही फवाऱ्यांमध्ये क्लोरिनयुक्त द्रावक असते. ते लागलेला भाग तापवला किंवा वेल्ड केला तर फॉस्जीन हा अत्यंत विषारी वायू तयार होतो. म्हणून तापवण्याआधी भाग अशा फवाऱ्याने धुऊ नये.

आता मी स्वतः घडवलेल्या दोन हत्यारांविषयी लिहितो. पहिले ऑक्सिजन सेन्सरसाठीचे सॉकेट. हा सेन्सर धुराच्या नळीत आट्यांनी बसवलेला असतो, त्याचे षट्कोनी डोके बहुधा २२ मिलिमीटरचे असते आणि डोक्याच्या मधोमध वायर बाहेर येते, त्यामुळे साधे सॉकेट वरून बसत नाही. मी २२ मिलिमीटरचे एक जुने खोल सॉकेट शेगड्यात (व्हाइसमध्ये) धरले आणि ग्राइंडरच्या पातळ चकतीने त्याच्या तोंडापासून वरपर्यंत, वायर जाईल एवढी, उभी खाच पाडली. चार-पाच सेकंद कापायचे आणि सॉकेट पाण्यात बुडवायचे, असे करीत गेलो. कारण पोलादावर निळी झाक आली की त्याचे पाणी उतरले, म्हणजे त्याचा कणखरपणा गेला, असे समजावे. खाचेच्या कडा कानशीने मारल्या, नाहीतर त्या वायरीचे आवरण कापतात. सॉकेट बसले, वायर खाचेतून बाहेर आली, पण पाना फिरवताच सॉकेटचे तोंड खाचेपाशी फाकले आणि सेन्सरच्या डोक्याचे कोपरे घासले गेले. बंद कड्याची ताकद त्याच्या अखंडपणात असते आणि मी नेमका तोच कापून टाकला होता. मग सॉकेटच्या तोंडाभोवती बोल्टने आवळायचा एक जाड क्लॅम्प घट्ट बसवला, तो खाचेच्या दोन्ही कडांना धरून राहिला, आणि इंजिन थोडे चालवून सेन्सरची बैठक कोमट केल्यावर सेन्सर सुटला.

हे हत्यार मी अजून जपून ठेवले आहे, तरी त्याच्यापेक्षा मोठा धडा मला पुढच्या खेपेला मिळाला. त्या वेळी सेन्सर बिघडलेलाच होता, तो टाकूनच द्यायचा होता. मग वायर जपायची कशाला? वायर कापली आणि साधा २२ मिलिमीटरचा बंद रिंग पाना वरून घातला. तो न फाकता बसला आणि सेन्सर निघाला. सायलेन्सरच्या प्रत्येक जोडाला टाकायचे कोणते आणि राखायचे कोणते, हे आधी ठरवले तर निम्मी हत्यारे लागतच नाहीत. कापणे, ठोकणे, तापवणे हे सगळे टाकायच्या भागावर करायचे आणि राखायच्या भागाला हातही लावायचा नाही. नट टाकायचा असेल आणि स्टड राखायचा असेल तर नटाच्या एका पैलूवर स्टडला समांतर हॅक्सॉने खाच घेऊन, आटे दिसू लागण्याच्या आधी थांबून, छिन्नीच्या दोन ठोक्यांत तो फोडता येतो. फ्लँजच्या मागे हात पोहोचत नसेल तर हीच छिन्नी वितभर सळईला वेल्ड करून लांब करता येते, आणि त्या वेळी ते घरचे हत्यार खरोखर जोर योग्य जागी पोहोचवत असते.

दुसरे हत्यार नळीत नळी घातलेल्या जोडासाठी केले होते. पुढची नळी आणि मागच्या डब्याची नळी एकात एक सरकवून वरून यू-बोल्टचा क्लॅम्प आवळलेला असतो. क्लॅम्प काढला तरी नळ्या सुटत नाहीत, कारण गंज तर असतोच आणि क्लॅम्पने बाहेरच्या नळीत पाडलेला खळगा आतल्या नळीतही उतरलेला असतो. लोक डबा धरून हिसडे देतात, त्याला पिळतात, लाकडी ठोकळा लावून मागून हाणतात. हे सगळे हिसडे पुढे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरपर्यंत, म्हणजे धुरातले विषारी वायू निवळणाऱ्या डब्यापर्यंत, जातात. त्या डब्यात चिनी मातीच्या जातीच्या पदार्थाची, मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या बारीक छिद्रांची वीट असते आणि तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम यांचा मुलामा असतो. ती वीट फुटली की तिचे तुकडे धुराची वाट अडवतात आणि एका जुन्या डब्यापायी गाडीतला एक अत्यंत महाग भाग हकनाक जातो.

मी १२ मिलिमीटरच्या आट्यांच्या दोन सळया घेतल्या आणि जाड लोखंडी अँगलचे दोन तुकडे नळीच्या मापाला अर्धगोल कापून प्रत्येकात दोन्ही बाजूंना भोके पाडली. एक अँगल पुढच्या नळीवर आणि दुसरा मागच्या नळीवर क्लॅम्पने आवळायचा, दोहोंमध्ये नळीच्या डाव्या-उजव्या बाजूंना सळया बसवायच्या आणि आतल्या बाजूचे नट फिरवून दोन्ही अँगल एकमेकांपासून दूर ढकलायचे, अशी कल्पना होती. या सळईच्या आट्यांचे अंतर १.७५ मिलिमीटर असते. म्हणजे १५ सेंटिमीटरच्या पान्याचे टोक एका फेऱ्यात जवळजवळ ९४ सेंटिमीटर फिरते तेव्हा अँगल अवघे १.७५ मिलिमीटर सरकतो. ही पाचशे पटींहून अधिक वाढ झाली, आणि तिचा बराच मोठा हिस्सा घर्षणात गेला तरी उरतो तो जोर माणसाच्या दोन हातांना कधीच देता आला नसता. शिवाय तो नळीच्या रेषेतच लागतो आणि कन्व्हर्टरला धक्का बसत नाही.

पहिल्या प्रयत्नात मागचा अँगल नळीवरून सरकतच गेला. क्लॅम्प कितीही आवळला तरी गुळगुळीत गोल नळीवर तो तग धरीना, आणि जास्त आवळला तर नळीच चेपली असती. मी बराच वेळ गाडीखाली पडून त्याच्याकडे बघत राहिलो. मग लक्षात आले की मागच्या नळीला रबरात अडकवण्याचा लोखंडी आकडा वेल्ड केलेला आहे. अँगल त्या आकड्याच्या वेल्डला टेकवला की तो सरकायला जागाच राहत नाही. पुढच्या बाजूला फ्लँज होता, तिथला अँगल त्याला टेकवला. त्यानंतर बाहेरच्या नळीला मुळात जी चीर असते ती छिन्नीने किंचित उघडली, खळग्यापाशी नळी थोडी तापवली आणि दोन्ही बाजूंचे नट आळीपाळीने अर्धा-अर्धा फेरा देत गेलो, जेणेकरून जोड तिरका होणार नाही. आठव्या-नवव्या फेऱ्याला गंजाची लाल भुकटी जोडाच्या तोंडातून सांडू लागली. नळ्या वेगळ्या झाल्या तेव्हा पुढच्या नळीचे तोंड शाबूत होते आणि नव्या डब्याची नळी त्यावर हाताने बसली.

सायलेन्सर ज्या रबरांत टांगलेला असतो ती रबरे काढायला वेगळे हत्यार करण्याची खटपट मला गरजेची वाटली नाही. साबणाचे पाणी लावले आणि आकड्याच्या टोकाकडे पान्याने ढकलले की ती उतरतात. पेट्रोल किंवा ग्रीस मात्र लावू नये, रबर फुगते.

त्या मोडलेल्या स्टडचे पुढे काय झाले ते सांगायचे राहिले. पहिला विचार आला तो भोक पाडून त्यात उलट्या आट्यांचा काढणी-बोल्ट घालण्याचा. तो मी केला नाही हे बरे झाले, कारण असा काढणी-बोल्ट अतिशय कडक पोलादाचा असतो आणि तो आत मोडला तर साध्या ड्रिलला दाद देत नाही. जो स्टड पूर्ण असताना सुटला नाही तो मधून पोकळ झाल्यावर कसा सुटेल, हाही प्रश्न होताच. वेल्डिंगचे काम उत्तम येणाऱ्या एका परिचिताने त्या दोन मिलिमीटरच्या टोकावर आधी एक वायसर ठेवून तो स्टडला वेल्ड केला, त्यावर नट ठेवून नटाच्या आतून वेल्डचा धातू भरला आणि सगळे काळे पडेपर्यंत वाट पाहिली. ॲल्युमिनियमच्या हेडला पोलादाचा वेल्ड धरत नाही, त्यामुळे हेडला इजा झाली नाही. आणि वेल्डच्या उष्णतेने स्टड एकदा फुगून आकसला तेव्हा आतली पकड सुटली होती. नट पहिल्या खेपेला तुटून आला. दुसऱ्या खेपेला वेल्ड टिकला, आणि त्या कोपऱ्यातून मला ऐकायचा होता तो ‘कर्रर्र’ आवाज आला. वेल्डिंगच्या आधी बॅटरीच्या तारा काढून ठेवल्या होत्या, नाहीतर गाडीतले विजेचे नियंत्रक जळण्याची भीती असते.

ही सगळी कामे करताना एका बाबतीत घरगुती साधन मला अजिबात मान्य नाही, आणि ती बाब म्हणजे गाडीला दिलेला आधार. विटा, लाकडाचे ठोकळे, चाकाच्या रिंगा किंवा नुसता जॅक यांच्या भरवशावर कोणीही गाडीखाली जाऊ नये. वीट भाराखाली एका क्षणात भुगा होते, आणि सायलेन्सरचे काम म्हणजे गाडी हलवणारे, हिसड्यांचे काम असते. सपाट कठीण जमिनीवर, भाराचे माप दिलेल्या लोखंडी स्टँडवर गाडी ठेवावी, चाकांना उटी लावावी आणि खाली जाण्याआधी गाडी हाताने जोरात हलवून पाहावी. डोळ्यांवर चष्मा हवा, कारण गंजाचे खवले थेट चेहऱ्यावर पडतात. चकचकीत मुलामा दिलेले हाताचे सॉकेट धक्का देणाऱ्या गनवर लावू नये. ते कडक असते आणि फुटले तर त्याचे तुकडे गोळीसारखे उडतात. जोड सुटा असताना किंवा गळत असताना बंद जागेत इंजिन चालवून बघण्याचा मोह तर कटाक्षाने टाळावा. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि बेशुद्ध होईपर्यंत माणसाला पुष्कळदा आपल्याला नुसती झोप येते आहे असे वाटत राहते.

दूरध्वनीच्या पडद्यावर अशा कामांच्या चित्रफिती हल्ली भरपूर दिसतात. त्यांत नट सुटतो तेवढेच दाखवतात. तो स्टड मोडतो, सॉकेट फाकते, अँगल सरकतो, हे कापून टाकलेले असते. शिकणाऱ्याला खरी गरज त्या कापलेल्या भागाचीच असते. म्हणूनच मी माझ्या फसलेल्या प्रयत्नांसकट हे लिहिले आहे.

यात वाहन बनवणाऱ्यांचीही जबाबदारी आहे. नळी गंजू नये म्हणून क्रोमियम असलेले पोलाद वापरायचे आणि तिला धरणारा बोल्ट मात्र साध्या पोलादाचा ठेवायचा, हा प्रकार मी अनेक गाड्यांवर पाहिला आहे. त्यात नळी टिकते आणि ती सोडवणारा बोल्ट नष्ट होतो. तांब्याचा मुलामा असलेले किंवा पितळी नट, आरपार जाणारे बोल्ट, पान्याला फिरायला बोटभर मोकळी जागा आणि आट्यांना उष्णता सोसणारा निकेल किंवा तांबेयुक्त लेप, एवढे कारखान्यातच झाले तर माझ्यासारख्यांना ग्राइंडर हातात घ्यावा लागणार नाही. हा लेप घरीही लावता येतो. जुने सोडवून नवे बसवताना आटे तारेच्या ब्रशने साफ करून त्यावर तो अगदी पातळ लावावा. मात्र ऑक्सिजन सेन्सरच्या टोकाला तो लागू देऊ नये, आणि सेन्सरच्या आट्यांसाठी त्याच कामाचा म्हणून दिलेला लेपच वापरावा. लेप लावलेला नट कमी घर्षणाने फिरतो, त्यामुळे नेहमीच्या अंदाजाने आवळला तर जास्त ताणला जातो, हेही ध्यानात ठेवावे.

माझी आपल्याला विनंती आहे की वाहनविषयक पानावर महिन्यातून एकदा तरी दुरुस्तीच्या अशा एखाद्या कामाला जागा द्यावी, आणि ते लेखन शक्यतो त्या कामात हात काळे केलेल्या कारागिरांकडून करवून घ्यावे. त्यांच्यापैकी अनेकांनी आयुष्यभर अशी हत्यारे घडवली आहेत, पण ती कागदावर उतरवण्याची संधी त्यांना कोणी दिलेली नाही, आणि त्यांच्या खोक्यांतले वाकवलेले, खाचा पाडलेले, वेल्ड केलेले ते लोखंड कशासाठी होते हे त्यांच्यानंतर कोणालाच सांगता येणार नाही. नळ्या वेगळ्या करण्याच्या माझ्या त्या दोन अँगलांची मापे आणि हाताने काढलेली आकृती मी तयार ठेवली आहे. आपण कळवल्यास लगेच पाठवून देईन.

कळावे,

आपला नम्र,
एक नियमित वाचक